राजोडीच्या वर्गातील तिसरी भाषा
वसई-विरार पट्ट्यातील राजोडी परिसरात अनेक घरांत सामवेदी, अर्थात कादोडी, बोलली जात असल्याने, मराठी शाळांत २००० पासून पहिलीलाच शिकवली जाणारी इंग्रजी ही तेथील मुलांसाठी बोली व प्रमाण मराठी यांच्यानंतरची तिसरी भाषा ठरते. अशा वर्गात भाषांतर पद्धतीपेक्षा, म्हणजे प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत सांगत जाण्यापेक्षा, तुलनेची रीत अधिक उपयोगी पडते; कारण मराठीत क्रियापद बहुधा वाक्याअखेर येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते, आणि नाम निश्चित की अनिश्चित हे दाखवणारी 'अ', 'द' ही उपपदे मराठीत नाहीतच, त्यामुळे ती गाळली जाणे हा निष्काळजीपणा नसून घरच्या व्याकरणाची छाया असते, हे ओळखणारा शिक्षक लाल शाईला आवर घालतो.