पिनो न्वार

(कुल–व्हायटेसी). तांबडी वाइन व फसफसणारी शँपेन यांसाठी लागवडीत असलेला काळ्या द्राक्षांचा प्राचीन वाण. तो व्हायटिस व्हिनिफेरा या जातीचा असून फ्रान्समधील बर्गंडी हा त्याचा प्रमुख प्रदेश होय. घोस लहान, गच्च व पाइन वृक्षाच्या शंकूसारखा असतो. त्यावरून ‘पाइन’ व ‘काळा’ या अर्थांच्या फ्रेंच शब्दांपासून हे नाव पडले. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक धाडसी फिलिप याने अधिक उत्पन्न देणाऱ्या गामे वाणास बंदी केल्याने पिनोच्या लागवडीस पाठबळ मिळाले.

वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान सु. १४°–१६° से. असलेले थंड प्रदेश या वाणास मानवतात. डोळे लवकर फुटत असल्याने वसंतातील हिमतुषाराने त्याची हानी होते. साल पातळ असून तीत रंगद्रव्ये कमी असतात, म्हणून वाइन फिकट रंगाची होते. गच्च घोसात हवा खेळत नसल्याने दमट हवेत करड्या बुरशीचा उपद्रव होतो. उष्ण हवेत साखर झपाट्याने वाढते, मॅलिक अम्ल घटते आणि सुवास पुरता येण्यापूर्वीच फळ काढणीस येते.

बर्गंडीतील मळे बहुधा कौटुंबिक मालकीचे व लहान असतात. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि १८०४ च्या नेपोलियन संहितेने वारसांना समान हिस्से दिल्याने मळ्यांचे तुकडे पडत गेले. क्लो द व्हूजो हा सु. ५० हेक्टरांचा मळा सु. ८० मालकांत विभागलेला आहे. त्यामुळे एकाच मळ्याच्या नावाची वाइन मालकपरत्वे भिन्न गुणांची असते. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात डेव्हिड लेट यांनी १९६५ नंतर हा वाण रुजविला. त्यांच्या कौटुंबिक मळ्यातील १९७५ सालची वाइन १९७९ मध्ये पॅरिस येथील तुलनात्मक चाचणीत वरच्या क्रमांकांत आली.

महाराष्ट्रात हिवाळ्यातही वेल पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात. द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे दिवसाचे तापमान चढू लागते तेव्हा, पिकतात. नासिक भागात वाइनसाठी शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों, शेनँ ब्लां हे वाण रूढ झाले. पिनोची लागवड अत्यल्प आहे. फसफसणाऱ्या वाइनसाठी द्राक्षे आम्लता टिकून असतानाच काढत असल्याने त्या उपयोगास तो काहीसा सोयीचा ठरतो. पंचगंगेकाठच्या कसबा बावडा (कोल्हापूर) येथील काळी, ओल धरणारी जमीन व दीर्घ पावसाळा उसास अनुकूल, पण या वाणास प्रतिकूल आहे. द्राक्षबागेस मांडवाचा मोठा खर्च येतो व उत्पन्नास काही वर्षे थांबावे लागते. त्यामुळे अल्पभूधारक कुटुंबाने वाणाच्या लौकिकापेक्षा त्याची हवामानाची गरज आधी पाहणे हिताचे ठरते. [⟶ द्राक्ष].