गोळीला सोबत हवी, सवत नको

आमच्या गल्लीतल्या काकू संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी तिळाचे लाडू वळत बसल्या होत्या. वळता वळता उजव्या हातातला लाडू गळून पडला. उचलायला गेल्या तर हात उठेना. सुनेला हाक मारली तर शब्द जड येऊ लागले. मी धावत गेले तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दवाखान्यात नेल्यावर बीपी मोजलं, २१० वर ११०. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?’ सून म्हणाली, ‘नाही हो, दोन महिन्यांपासून बंद केल्यात त्यांनी. आता अर्जुनाचा काढा घेतात.’

तो काढा मीच दिला होता.

झालं होतं असं. दिवाळीनंतर आमच्या महिला मंडळाचा फराळाचा कार्यक्रम होता. दरवर्षी भेट म्हणून प्लॅस्टिकचे डबे देतो, यंदा काही आरोग्याचं देऊ, असं मीच सुचवलं. एका प्रदर्शनातून अर्जुनाच्या सालीची पूड आणली, छोट्या पुड्या केल्या आणि ‘हृदयासाठी फार चांगलं, बीपीला उत्तम’ असं सांगून सगळ्यांना वाटल्या. टाळ्याही मिळाल्या. ‘गोळ्या बंद करा’ असं मी कुणालाच म्हटलं नव्हतं. पण ‘गोळ्या चालूच ठेवा’ असंही म्हटलं नव्हतं. त्या एका न बोललेल्या वाक्याची टोचणी मला आज चार वर्षांनंतरही आहे.

मी बी.ए. झालेली गृहिणी. डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पण त्या दिवसानंतर ठरवलं, की जे वाटायचं ते आधी समजून घ्यायचं. गावातल्या डॉक्टरांना विचारलं, एका जाणत्या वैद्यांकडे जाऊन बसले, मिळेल ते वाचलं. मैत्रिणींनो, त्यातलं जे तुमच्या-माझ्या स्वयंपाकघराशी जोडलेलं आहे, ते आज सांगते.

अर्जुन : खरा, पण किती?

अर्जुन म्हणजे अर्जुनसादडा. नदी-ओढ्याच्या काठी वाढणारा, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचा उंच वृक्ष. त्याची साल हृदयरोगात वापरण्याची आपली परंपरा जुनी आहे. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तानेही ती सांगितली आहे. वैद्य तिचा क्षीरपाक करायला सांगतात. सालीच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर उकळायचं, मग गाळून घ्यायचं. किती आणि किती दिवस, ते मात्र माणूस पाहून वैद्यांनी ठरवायचं.

आधुनिक पद्धतीनेही अर्जुनावर आपल्याकडे अभ्यास झाले आहेत. काही रुग्णांना छातीत दुखण्यात, दम लागण्यात आराम पडल्याचं त्यांत दिसलं. पण हे अभ्यास बहुतेक लहान होते, आणि पुष्कळ ठिकाणी रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून त्याच्या जोडीला अर्जुन दिला होता. ही गोष्ट पुडीवर कुणी छापत नाही. बीपीची गोळी सोडून नुसता अर्जुन घेतला तरी चालतं, असं कुठेच सिद्ध झालेलं नाही.

अर्जुनारिष्टाचंही तसंच. ते द्राक्षं, मोहाची फुलं आणि गूळ घालून आंबवून करतात. म्हणजे त्यात गोड आहे आणि आंबवल्यामुळे आपोआप तयार होणारा थोडा मद्यार्कही आहे. साखरेचा त्रास असणाऱ्या बाईने ते ‘आयुर्वेदिक आहे, काय होतंय’ म्हणून पिऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नये.

लसूण, जवस आणि मेथी

लसणीने वाढलेलं बीपी आणि कोलेस्टेरॉल थोडंसं खाली येतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. थोडंसं, हा शब्द महत्त्वाचा. लसणीतला उग्र वासाचा गुणकारी घटक पाकळी ठेचल्यावरच तयार होतो. म्हणून पाकळी ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवावी, मग फोडणीत घालावी किंवा कच्ची खावी. रोज एक-दोन पाकळ्या पुरे. अनशापोटी चार-पाच चावून जळजळ ओढवून घेण्यात काही शहाणपण नाही.

जवस, काही भागांत अळशी म्हणतात तीच, आपल्या विदर्भ-मराठवाड्यात चटणीच्या रूपाने पिढ्यानपिढ्या ताटात आहे. मासे न खाणाऱ्यांना ओमेगा-थ्री हा चांगला स्निग्ध घटक त्यातून मिळतो, शिवाय भरपूर चोथा मिळतो. पण अख्खे दाणे गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात. मंद भाजून कुटावे, आठवड्यापुरतेच कुटावे, नाहीतर खवट होतात. रोज एक-दोन चमचे, आणि वर पाणी भरपूर. चटणीत मीठ मात्र हात आखडून घाला, नाहीतर एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल. जवस किंवा इसबगोल घेतल्यावर लगेच गोळी घेऊ नका. चोथ्यामुळे ती अंगी लागायला अडथळा येऊ शकतो. मध्ये दोन तास जाऊ द्या.

मेथीने साखर उतरायला मदत होते. म्हणूनच साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने एकदम मूठभर मेथ्या सुरू केल्या तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

झाडपाल्यालाही धार असते

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य मीही शंभरदा बोलले असेन. आता बोलत नाही. घसा बसला की आपण ज्येष्ठमध चघळतो. दोन-चार दिवस ठीक. पण तेच रोज, आठवडेच्या आठवडे घेतलं तर बीपी वाढतं आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते आणखी धोक्याचं.

दुधीचा रस हृदयाला चांगला म्हणून पुष्कळ जण पहाटे उठून पितात. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा, कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या. आपल्या आया-आज्या दुधी चिरताना फोड जिभेला लावून बघायच्या, ते काही उगाच नाही. कारल्याच्या रसात दुधी मिसळला तर हा कडूपणा कळतही नाही, म्हणून तसं मिसळू नये.

मोबाइलवर फिरणारा आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगर-मधाचा काढा तुमच्याकडेही आला असेल. ‘ब्लॉकेज उघडतात, ऑपरेशन टळतं.’ अहो, ब्लॉकेज म्हणजे मोरीच्या जाळीत अडकलेला केर नाही, आंबट ओतलं की वाहून जायला. रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आतच ती चरबी वर्षानुवर्षं साचत गेलेली असते. गुग्गुळाबद्दलही आपल्याला मोठी आशा होती. पण अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं वाढलेलं दिसलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

हृदयविकार आणि बीपी बरं करण्याचा दावा करणारी जाहिरात देणं आपल्या देशात १९५४ सालच्या कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत असतं? मला तरी नव्हतं. पुडीवर कोणी बनवलं, परवाना क्रमांक काय, कधीपर्यंत वापरायचं, यातलं काही छापलेलं नसेल तर ती घरात आणू नका. मी आणलेल्या पुडीवर यातलं काहीच नव्हतं.

गोळी आणि झाडपाला, नातं जुनंच

वैद्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी तिचा वाढलेल्या बीपीवर काय परिणाम होतो, हे रुग्णांमध्ये नीट तपासून १९४९ साली ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. तिच्यातून पुढे गोळीही निघाली. पण तिने काही जणांना खिन्नता येई, बीपी फार खाली जाई, म्हणून नंतर अधिक सुरक्षित गोळ्या आल्यावर ती मागे पडली.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. तिथल्या एका म्हातारीकडे अंगावरच्या सुजेसाठी वीसेक पाल्यांचा काढा होता. विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टराने ओळखलं, की त्यातलं काम करतंय ते एकच झाड, डिजिटॅलिस. तेच झाड मात्रा चुकली तर जीवही घेतं. म्हणून किती द्यायचं हे ठरवण्यासाठी त्याने दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ साली पुस्तक लिहिलं. त्याच जातीच्या झाडापासून मिळणारी गोळी डॉक्टर आजही काही हृदयरोग्यांना देतात.

म्हणजे आजीबाईचा बटवा आणि डॉक्टरांची गोळी यांचं वैर नाहीच. फरक आहे तो मोजमापाचा. गोळीत औषध किती आहे ते ठाऊक असतं. पुडीत किती उतरलंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

बायका गोळी का सोडतात?

काकू बऱ्या होऊन घरी आल्यावर मी त्यांच्याजवळ बसून रडले. त्या अडखळत म्हणाल्या, ‘अगं, काढा तुरट लागायचा, म्हणून औषध घेतल्यासारखं वाटायचं. गोळी गिळली तर कळायचीसुद्धा नाही. मग जी कळत नाही तीच सोडली.’

खरंच आहे. बीपी दुखत नाही, खुपत नाही. बरं वाटलं की आपल्याला गोळी जास्तीची वाटते. ‘सवय लागते’ अशी भीती असते. महिनाअखेरीला पैसे कमी पडले तर यजमानांच्या गोळ्या आधी आणल्या जातात, आपल्या पुढच्या महिन्यात. आणि डॉक्टरांना काढ्याचं सांगितलं तर ते रागावतील म्हणून आपण गप्प बसतो. ते गप्प बसणंच घातक. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, स्टेंट बसवला असेल, तर लसणीच्या कॅप्सूलसारख्या गोष्टींनी रक्तस्राव वाढू शकतो. ऑपरेशन किंवा दात काढण्याआधीही हे सांगायलाच हवं.

बीपीच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तिशीनंतर बीपी-साखरेची तपासणी उपकेंद्रातही होते. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर टेकवा, मोजताना बोलू नका. आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत राहिला तर डॉक्टरांना दाखवा. दिवसभराचं मीठ माणशी एका लहान चमच्याच्या आत ठेवा. त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. सैंधवही मीठच आहे, ते कितीही खाल्लं तरी चालतं हा गैरसमज आहे.

आणि एवढं पाठच करा. तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, बोलणं जड होणं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हृदयाच्या झटक्यात बायकांना छातीत कळ येतेच असं नाही. दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, घाम, कधी नव्हे असा थकवा, हेही असू शकतं. ‘पित्त झालं असेल’ म्हणून ओवा चावत बसू नका.

काकूंचं बोलणं आता बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. उजवा हात अजून अधू आहे. तांदूळ डाव्या हाताने निवडतात. गोळी रोज सकाळी चहाबरोबर घेतात. वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारून क्षीरपाकही घेतात.

आमच्या मंडळात आता आम्ही पुड्या वाटत नाही. बीपीचं मशीन घेतलं आहे आणि प्रत्येकीला एक छोटी वही दिली आहे. एका पानावर गोळ्या, समोरच्या पानावर काढे, चूर्णं, कॅप्सूल, जे काही पोटात जातं ते सगळं. डॉक्टरांकडे जा नाहीतर वैद्यांकडे, वही पिशवीत हवीच. पहिल्याच बैठकीत कळलं, की आणखी तिघींनी गोळी गुपचूप बंद केलेली होती.

तुमच्याही घरात कुणी केली असेल. सासूबाईंनी, आईने, कदाचित तुम्ही स्वतः. आज संध्याकाळी दिवा लावून झाला की न रागावता विचारून बघा.