बंबाचा धूर

तेर म्हणजे प्राचीन तगर. इथं येणारा अभ्यासक लामतुरे संग्रहालयातली मातीची भांडी पाहतो, गोरोबाकाकांच्या मंदिरात जातो. मी मात्र पहाटेच्या धुरामागं फिरलो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, बऱ्याच घरांचा स्वयंपाक गॅसवर गेला. आंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवर नाहीतर बंबात तापतं.

कोणत्या घरातून किती धूर, हे थंडीपेक्षा घरावर ठरतं. शेत असेल तर तुराट्या फुकट, जनावरं असतील तर गोवऱ्या. दोन्ही नसेल तिथली बाई वेडी बाभूळ तोडून आणते. ती ओली असली की धुराला पारावार नाही. शिवाय एकदा तापलेल्या बंबातून पाचवी बादली स्वस्तात निघते, म्हणून माणशी धूर एकट्या म्हातारीचाच जास्त.

तुराटीतला कार्बन पुढच्या तुरीत परततो, हा हिशेब खरा. पण अर्धवट जळणातली काजळी नि मिथेन कोणतं पीक शोषत नाही. काजळी फुंकणारीच्याच छातीत जाते. गॅसजोडण्यांच्या आकड्यात ही चूल दिसत नाही.

एका आजींना विचारलं, गॅसवर का नाही तापवत?

“पाण्यापायी पैसं कोण जाळतंय, बाबा?” म्हणत त्यांनी फुंकणी उचलली.