अपरात्रीचा पशुवैद्य

निजामी अंमलाचा अस्त १९४८ साली झाला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे विभाजन होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे व बीदर, भालकी, हुमनाबाद हे म्हैसूरकडे गेले, तरी देवणी जातीची गुरे आणि त्यांना जपणारी मराठी, कानडी व दखनी बोलणारी माणसे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस पूर्ववत नांदत राहिली. या मुलखात पशुपालनाची परंपरा पुरातन. घरातल्या कुत्र्यामांजराला तातडीने वैद्याकडे नेण्याची प्रथा मात्र अगदी अलीकडची.

बीदर शहराच्या दक्षिणेस असलेल्या कमठाण्याच्या रहिवाशांना या बाबतीत भाग्यवानच म्हटले पाहिजे. कारण २००४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय जवळच्याच नंदीनगरात आहे. तथापि रुग्णालय जवळ असूनही जनावर दगावते, ते पुष्कळदा मालक सकाळ होण्याची वाट पाहत बसतो म्हणून. कोणती व्याधी सकाळपर्यंत थांबू शकते आणि कोणती थांबू शकत नाही, एवढा विवेक घरच्यांनीच करावयाचा असतो.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट एकाएकी फुगले आणि उमाळे येऊनही बाहेर काहीच पडत नसले, तर जठराला पीळ पडल्याचा संशय धरून त्याच क्षणी निघावे. बोका वारंवार लघवीला बसूनही थेंब पडत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याने दोनएक दिवसांत त्याचा प्राण जाऊ शकतो. पुष्कळ घरांत हे बद्धकोष्ठ समजून सोडून दिले जाते, याची मला खंत वाटते. कुत्री अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, तरी विलंब करू नये.

तूर-उडदाच्या या प्रदेशात फवारणीच्या औषधांचे भय अधिक. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक पोटात गेले की लाळेची धार लागते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि श्वास कोंडतो. अॅट्रोपिनचे इंजेक्शन वैद्याने वेळेवर दिले तर जनावर वाचू शकते. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याच्या भरीस न पडता औषधाची बाटली वा वेष्टन सोबत न्यावे. सर्पदंशातही चिरा देणे, करकचून बांधणे वर्ज्य. जनावराला चालू न देता उचलून न्यावे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत जे प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होत आले, ते नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही उपयोगी पडते. आणि मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

जखमी कुत्रे धन्यालाही चावते. त्याला श्वासाचा त्रास किंवा उलटी होत नसेल, तर तोंडावर कापडाची पट्टी बांधूनच उचलावे. आणि चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी पिसाळरोगाच्या लसीसाठी दवाखाना गाठावा.

१९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरते पथक बोलावता येते. परंतु साधारण एक लाख पशुधनामागे एक वाहन, असा या केंद्रीय योजनेचा हिशेब असल्याने आणि तिचा मूळ रोख गाईम्हशी व शेळ्यामेंढ्यांकडे असल्याने, तिच्यावरच विसंबणे सयुक्तिक नाही. जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक, रुग्णालयाची रात्रीची व्यवस्था आणि अपरात्री येऊ शकेल असा वाहनवाला, यांची चौकशी जनावर धडधाकट असतानाच करून ठेवावी. फोनवर वय, अंदाजे वजन, लक्षण कधी सुरू झाले आणि पोटात काय गेले, एवढे सांगावे. कानडी येत नसेल तर शेजाऱ्याला जवळ बोलावून घ्यावे. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात लहान प्राण्यांसाठी एका वैद्याची रात्रपाळी मुक्रर व्हावी, ही मागणी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून जिल्हा कचेरीकडे आता लेखी नेली पाहिजे.