मूळ फुटलं, आता पोटाचं बघा!

मैत्रिणींनो, अंगण आणि परसदार आता आपल्या लहान गावांतूनही दिसेनासं होऊ लागलंय. भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे हातभर गॅलरी. तिथे कुंडीतली माती सांडली की घरमालकीणबाईंची कुरकुर! अशा घरात मातीविना शेतीचा, म्हणजे हायड्रोपोनिक्सचा, छोटासा प्रयोग करायला काय हरकत आहे? अमेरिकेतले शास्त्रज्ञ गेरिक यांनी १९३७ मध्ये हे नाव रूढ केलं. नाव भारदस्त असलं तरी सुरुवात पुदिन्याच्या जुडीपासून होते.

जुडीतल्या ताज्या, जाडसर चार-पाच काड्या निवडा. चार-पाच इंचांवर, पेराच्या जरा खाली धारदार कात्रीने कापा. मुळं पेरापाशीच लवकर फुटतात. खालची पानं काढून टाका, कारण पाण्यात बुडलेलं पान कुजतं आणि त्याबरोबर काडीही जाते. शेंड्याची पानं मात्र राहू द्या. बरणी उजेडात ठेवा, पण कडक उन्हात नको. बाहेरून कागद गुंडाळला की शेवाळ धरत नाही. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसू लागतात. तुळशीच्या कोवळ्या फांदीला थोडा जास्त वेळ लागतो.

इथेच पुष्कळजणी थांबतात. मग महिनाभराने पानं पिवळी पडली की म्हणतात, "माझ्या हाताला यशच नाही!" अहो, हाताचा दोष नाही. मूळ फुटेपर्यंत काडी स्वतःच्या शिदोरीवर जगते. नुसत्या पाण्यात तिचं पोट कसं भरणार? मुळं दोन इंच झाली की तिला खाऊ हवा. हायड्रोपोनिक्ससाठी मिळणारं तयार खत सुरुवातीला पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मंच घाला. घरातला युरिया मात्र नको. मातीतले जिवाणू त्याचं रूप बदलतात, तेव्हा तो झाडाला नीट लागू पडतो. बाटलीत ते जिवाणू पुरेसे कुठून येणार? आणखी एक, बाटली काठोकाठ भरू नका. मुळांचा वरचा भाग हवेत राहू द्या, कारण मुळांनाही श्वास लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. महिला मंडळाच्या कामासाठी घरोघर जाते, तेव्हा शोकेसवरच्या मनीप्लँटच्या बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या पुष्कळदा दिसतात. डेंग्यूचा डास घरातल्या अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात आणि पोरंबाळं तापाने फणफणतात. म्हणून आठवड्यातून एकदा बाटली रिकामी करून आतून घासाच. अंडी काचेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. खताचं पाणी फार दिवस ठेवायचं असेल, तर बाटलीचं तोंड काडीभोवती कापडाने घट्ट बांधा. आशाताई तपासणीला आल्या तर दारातून परत पाठवू नका. ती बाटली त्यांना आपणहून दाखवा.

येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी मुळं फुटलेली पुदिन्याची काडी दिली तर? खर्च जुडीपुरताच. फक्त देताना दोन गोष्टी सांगायला विसरू नका: हिला जेवण लागतं, आणि बाटलीवर झाकण लागतं!