रिच मलिन्स : मिळकतीपासून अलिप्त राहिलेला गायक
रॉक-पॉपच्या चालींतून ख्रिस्ती श्रद्धेचा आशय मांडणाऱ्या ‘समकालीन ख्रिस्ती संगीत’ या अमेरिकी प्रवाहातील गायक-गीतकार रिच मलिन्स (१९५५–१९९७) यांना १९८८च्या ‘ऑसम गॉड’ या गीताने कीर्ती मिळाली. मात्र त्यांचे वेगळेपण त्यांच्या व्यवहारात अधिक दिसते. त्यांचे उत्पन्न चर्चच्या वडीलमंडळींकडे जाई, ती मंडळी मलिन्स यांना सर्वसाधारण अमेरिकी कामगाराइतके वेतन देत आणि उरलेली रक्कम दानधर्मात खर्च होई. आपली कमाई किती, हे जाणून घेण्याचेही त्यांनी टाळले, आणि मनोरंजन-व्यवसायात हे विरळाच. संतूरच्या कुळातील, लहान हातोड्यांनी वाजवायचे डल्सिमर ते वाजवीत. पुढे न्यू मेक्सिकोत नावाहो आदिवासींच्या वस्तीत राहून त्यांनी मुलांना संगीत शिकवले. १९९७मध्ये इलिनॉयमधील मोटार अपघातात ते मरण पावले. त्याआधी काही दिवस एका ओस चर्चमध्ये साध्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेली त्यांची गीते १९९८मध्ये प्रकाशित झाली.