भर जवानीत कंबर का धरते?

रत्नागिरीच्या बाजारात विशी-पंचविशीतली पोरे कंबरेला हात लावून उठताना दिसतात. दुकानातला मदतनीस, शिलाईचा कारीगर, मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलणारा हमाल, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या ट्रकात चढवणारा तरुण, तक्रार सगळ्यांची एकच. रोजंदारीवाल्याची कंबर धरली की त्या दिवसाची मजुरी गेली. आठवडा लागला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो.

दहापैकी सुमारे नऊ जणांत हाडाचा किंवा नसेचा नेमका बिघाड सापडत नाही. दुखते ते ताणामुळे. गद्दीवर दिवसभर मांडी घालून बसणे, मशीनवर वाकून राहणे (रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत टेलरची मशीन रात्रीही थांबत नाही), कापडाची गाठ कंबरेतून वाकून अंगापासून लांब धरत उचलणे आणि तशीच वळवणे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली एका माणसाने उचलायच्या ओझ्याची हद्द ५५ किलो सुचवली, तीही जवान पुरुषासाठी. अठराच्या आतल्या पोरांसाठी ती बरीच कमी असावी, असे तिथेच म्हटले आहे. आपल्याकडे वजन विचारतो कोण? 'उचल रे' म्हटले की उचलायचे.

इलाजाबाबत बाजारात भलत्या समजुती आहेत. पंधरा दिवस अंथरुणात पडून राहणे ही त्यातली मोठी. एक-दोन दिवस आराम ठीक, मग हळूहळू चालणे-फिरणे सुरू करावे. बहुतेकांचे दुखणे सहा आठवड्यांत उतरते. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. कंबरेच्या पट्ट्याचा खप मोठा आहे. पण जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा नेहमी लावू नये, व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. एम.आर.आय.ची घाईही नको. काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या तपासणीतही मणक्यातली गादी सरकलेली दिसते.

मात्र काही खुणा दिसल्या की मालिशवाल्याकडे जाऊच नये. पायातली ताकद कमी होणे, बसण्याची जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा आवरता न येणे, यात त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. उशीर झाला तर पाय कायमचा अधू होऊ शकतो. दुखण्यासोबत बारीक ताप, वजन घटणे, रात्रीची वेदना असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, पण वर्षभर सोडायची नाहीत. आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त पाठ आखडते, आराम केल्याने वाढते, हालचालीने मोकळी होते, असे तीन महिने चालले तर तो सांध्यांचा आजार असण्याची शक्यता आहे. तरुणांत तो वर्षानुवर्षे 'ताण' समजून राहून जातो.

दुखणे जोरात असताना रुकू-सजद्याला तकलीफ होत असेल तर बसून नमाज पढण्याची सवलत आहेच.

दुकानदारांना खर्च फारसा नाही. जड गाठी कमरेच्या उंचीच्या फळीवर, हलके ताके वर. गोदामासाठी एक हातगाडी. मोठी गाठ दोघांनी मिळून उचलायची. कारीगराला पाठ टेकेल अशी खुर्ची आणि तासाला पाच मिनिटे उठायची मुभा.